मेंदूच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवणाऱ्या डॉक्टरने गोव्याच्या आबे फारियाचं चरित्रही लिहिलं होतं

पुण्यातल्या कुठल्याही डायग्नोस्टिक सेंटरला जा. सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर कॉन्ट्रास्ट असं लिहिलेलं असलं की काऊंटरवर प्रश्नांची फैर सुरू होते. क्रिएटिनीनचा रिपोर्ट आणलाय का? दमा आहे का? कशाची ॲलर्जी? शुगरची कुठली गोळी चालू आहे? मग एका फॉर्मवर सही.

त्यानंतर हाताच्या शिरेत सुई जाते आणि घशापासून ओटीपोटापर्यंत एक गरम लाट पसरते. तोंडात धातूसारखी चव येते. कित्येकांना तर वाटतं की कपड्यातच लघवी झाली. झालेली नसते. मिनिटभरात सगळं निवळतं.

लोक या औषधाला डाय म्हणतात, पण त्याला रंग नसतो. दिसायला ते पाण्यासारखंच, जरासं चिकट. त्याचं काम एकच, एक्स-रे अडवायचं.

आता हे समजून घ्यायला शाळेतलं थोडं विज्ञान लागतं. आपलं शरीर मुख्यतः हायड्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजनचं. हे हलके अणू, त्यांच्यातून एक्स-रे आरपार जातात. हाडात कॅल्शियम असतं, त्याचा अणुक्रमांक २०, म्हणून हाड पांढरं दिसतं. पण रक्त, रक्तवाहिनी आणि तिच्या आजूबाजूचं मांस एक्स-रेला जवळपास सारखंच. त्यामुळे रक्तवाहिनी दिसायची तर तिच्यात एखादा जड अणू सोडायला हवा. आयोडीनचा अणुक्रमांक ५३. आजच्या सीटीच्या इंजेक्शनमध्ये तेच असतं.

जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत असं औषध सोडून त्याचा फोटो काढायचं धाडस पहिल्यांदा ज्याने केलं, तो होता पोर्तुगालचा डॉक्टर एगास मोनिझ.

या माणसाचं आयुष्य म्हणजे एका वेब सिरीजचे तीन सीझन होतील. तो खासदार होता, परराष्ट्रमंत्री होता, तुरुंगात गेला होता, पेशंटच्या गोळ्या खाऊनही वाचला होता आणि शेवटी नोबेल घेऊन गेला. त्या नोबेलवरून आजही भांडणं होतात. पण आपण मुख्यतः त्या सुईची गोष्ट बघू.

मोनिझचा जन्म २९ नोव्हेंबर १८७४ चा. गाव अवांका, पोर्तुगालच्या उत्तर भागातलं. खरं आडनाव वेगळंच होतं. त्याचा काका पाद्री होता आणि आपलं घराणं बाराव्या शतकातल्या एगास मोनिझ नावाच्या सरदाराचं आहे, असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे पुतण्याच्या नावाला सरदाराचं नाव जोडलं गेलं.

कोइंब्रा विद्यापीठात तो डॉक्टर झाला. मग बोर्दो आणि पॅरिसमध्ये मज्जासंस्थेचं शिक्षण. पॅरिसमध्ये त्याला बाबिन्स्कीसारखे गुरू भेटले. तळपायाला टोकदार वस्तू ओढून डॉक्टर अंगठा कुठल्या बाजूला जातो ते बघतात ना, ती तपासणी याच बाबिन्स्कीच्या नावाची. १९११ साली लिस्बनला न्यूरोलॉजीची नवी प्राध्यापकाची जागा निर्माण झाली आणि ती मोनिझला मिळाली.

पण मन राजकारणात अडकलेलं. पोर्तुगालमध्ये तेव्हा राजा होता आणि मोनिझ त्याच्या विरोधी गोटातला. १९०८ च्या फसलेल्या उठावात त्याला अटक झाली. पुढे राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. १९१७ मध्ये तो स्पेनमध्ये पोर्तुगालचा राजदूत झाला, १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचं सुरुवातीचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. मग सरकारं बदलली, गटबाजी वाढली आणि राजकारणातून त्याचं मन उडालं.

पन्नाशीच्या जवळ आलेला हा माणूस पुन्हा पूर्णवेळ डॉक्टर झाला. इथेच आपल्या गोव्याचा संबंध येतो.

१९२५ साली मोनिझने एक पुस्तक लिहिलं, विषय होता संमोहनाच्या इतिहासातलं पाद्री फारियाचं स्थान. हा फारिया म्हणजे जुझे कुस्तोदियो द फारिया, जन्म १७५६, गाव बारदेशातलं कांदोळी. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या बाजूला, एका बाईवर हात पसरून उभा असलेला झग्यातला पुतळा तुम्ही फोटोसाठी तरी पाहिला असेल. तोच आबे फारिया. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला तो पुतळा १९४५ मध्ये उभा राहिला, म्हणजे मोनिझच्या पुस्तकानंतर वीस वर्षांनी.

फारियाच्या काळात युरोपात समज असा होता की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य चुंबकीय द्रव बाहेर पडतो आणि समोरच्याला झोपवतो. फारियाने पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग करून उलट सांगितलं. द्रव वगैरे काही नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात, सूचनेमुळे होतं. त्याची टिंगल झाली. १८१९ मध्ये तो गेला आणि पुढे लोकांच्या लक्षात राहिला तो मुख्यतः अलेक्झांडर द्युमाच्या काउंट ऑफ माँटे क्रिस्तो या कादंबरीतला म्हातारा कैदी म्हणून. त्याला डॉक्टरांच्या इतिहासात परत आणून बसवणाऱ्यांत मोनिझ होता. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि मोनिझ त्याच देशाचा माजी परराष्ट्रमंत्री, हेही इथे विसरायला नको.

तर या पुस्तकाच्या सुमारास मोनिझच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजत होतं.

मेंदूत गाठ आहे असं डॉक्टरला वाटायचं, पण ती नक्की कुठे आहे? कवटी हाडाची, आतलं मऊ आणि एक्स-रेवर आतलं काहीच दिसत नाही. अमेरिकेतल्या वॉल्टर डँडीने १९१८ मध्ये एक मार्ग काढला होता. कवटीला भोक पाडून मेंदूतल्या पोकळ्यांतलं पाणी काढायचं, हवा भरायची आणि एक्स-रे घ्यायचा. उपयोग व्हायचा, पण पेशंटचे हाल कुत्रं खात नसे. पॅरिसमध्ये सिकार आणि फॉरेस्टिए खसखशीच्या तेलात आयोडीन मुरवून ते मणक्यात सोडत होते.

आणि रक्तवाहिन्या? राँटगेनने एक्स-रेचा शोध जाहीर केल्यावर काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, व्हिएन्नामध्ये दोघांनी एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत खडू आणि पाऱ्याचं संयुग असलेली लगदी भरून फोटो काढला होता. फोटो सुंदर आला. पण जिवंत माणसात पारा कोण भरणार?

मोनिझचा हिशोब सरळ होता. मेंदूत गाठ असेल तर आजूबाजूच्या धमन्या सरकलेल्या असणार. धमन्यांचा नकाशा मिळाला की गाठीचा पत्ता लागला. प्रश्न फक्त नकाशा काढायच्या शाईचा. ती एक्स-रेवर ठळक दिसायला हवी, रक्तात मिसळायला हवी आणि मेंदूला इजा करायला नको. या तीन अटी एकत्र जुळवणं किती अवघड आहे, हे पुढची शंभर वर्षं दाखवत राहिली.

अजून एक अडचण होती. मोनिझला तरुणपणापासून गाऊट होता, म्हणजे यूरिक ॲसिडचा संधिवात. बोटं वाकडी झालेली, बारीक काम जमेना. म्हणून प्रत्येक इंजेक्शन आणि प्रत्येक चीर दिली ती त्याच्या तरुण सहकाऱ्याने, पेद्रो आल्मेइदा लिमाने. डोकं मोनिझचं, हात लिमाचे. नोबेल मात्र डोक्याला मिळालं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सुरुवात ब्रोमाइडपासून झाली, कारण फिट्स येणाऱ्या पेशंटला ते औषध म्हणून दिलंच जात होतं. तोंडावाटे दिलं, शिरेतून दिलं, मेंदू काही एक्स-रेवर उमटला नाही. मग ठरलं, थेट मानेतल्या कॅरोटिड धमनीतच सोडायचं. आधी ससे आणि कुत्री झाली. मग मृतदेहांची डोकी झाली, ती शरीररचना विभागातून हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत आणली जात. मृत डोक्यात औषध भरलं की धमन्या झकास दिसायच्या. त्यावरून निरोगी मेंदूच्या धमन्यांचा नकाशा तयार झाला.

मग पेशंट. लिस्बनचं सांता मार्ता हॉस्पिटल, साल १९२७. आधी स्ट्रॉन्शियम ब्रोमाइड वापरलं, तेही चांगलंच दाट. पहिल्या काही पेशंटमध्ये फोटो आलाच नाही. एकाचा जीव गेला. मेंदूच्या धमनीत गुठळी झाली होती.

आजच्या नियमांत हे प्रयोग पहिल्या दिवशीच बंद पडले असते. त्या पेशंटना धोका कितपत समजावून सांगितला होता, कुणी सही घेतली होती का, असे प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

मोनिझ हादरला, पण थांबला नाही. ब्रोमाइड सोडून तो आयोडीनकडे वळला. हा रस्ता अमेरिकेत आधीच सापडला होता. सिफिलिसच्या पेशंटना सोडियम आयोडाइड दिलं जायचं आणि त्यांची लघवीची पिशवी एक्स-रेवर आपोआप उमटते, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे शरीर आयोडीन लघवीतून बाहेर टाकतं. हा बाहेर टाकण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं उलटणार आहे.

२८ जून १९२७. विशीतला एक तरुण, पिट्युटरी ग्रंथीजवळ गाठ. त्याच्या कॅरोटिडमध्ये सोडियम आयोडाइडचं द्रावण गेलं, साधारण २५ टक्क्यांचं. प्लेट धुतली गेली आणि त्यावर धमन्या उमटल्या. गाठीने बाजूला ढकललेल्या धमन्या, जिवंत माणसाच्या.

दहा दिवसांच्या आत, ७ जुलैला, मोनिझ पॅरिसच्या न्यूरोलॉजिकल सोसायटीसमोर ते फोटो घेऊन उभा होता. समोर त्याचे जुने गुरू. तेव्हा तो ५२ वर्षांचा होता.

त्यानंतर लिस्बनमध्ये लाटच आली. १९२९ मध्ये रेनाल्दो दुस सांतुसने पोटातल्या महाधमनीचा फोटो काढला. १९३१ मध्ये लोपु द कार्व्हाल्योने मोनिझबरोबर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. रक्त सेकंदात पुढे जातं, एक प्लेट पुरत नाही, म्हणून पटापट प्लेटा बदलणारं यंत्रही तिथेच बनलं. आज आपल्या प्रत्येक घरात एक तरी काका असतात ज्यांची अँजिओग्राफी झालेली असते. त्या शब्दामागचा बराचसा पाया त्या चार-पाच वर्षांत लिस्बनमध्ये घातला गेला.

पण सोडियम आयोडाइड पेशंटला झोंबायचं. चेहरा आणि डोकं भाजल्यासारखं व्हायचं, काहींना झटके यायचे. मोनिझला यापेक्षा सौम्य काहीतरी हवं होतं, आणि ते त्याला मिळालं.

त्याचं नाव थोरोट्रास्ट.

जर्मनीतल्या हायडेन कंपनीचं हे उत्पादन. आत होतं थोरियम डायऑक्साइड, इतके बारीक कण की ते द्रावणात तरंगत राहतात. थोरियमचा अणुक्रमांक ९०, त्यामुळे एक्स-रेवर फोटो इतके लख्ख यायचे की आयोडीन फिकं वाटावं. पेशंटला दुखायचं नाही, झटके नाहीत, जळजळ नाही. १९३१ पासून मोनिझने ते वापरायला घेतलं आणि मेंदूची अँजिओग्राफी युरोपभर पसरली ती बरीचशी याच औषधाच्या जोरावर.

थोरियम तेव्हा काही अनोळखी नव्हतं. वरातीत डोक्यावर धरून नेत असत त्या गॅसबत्तीचं मेंटल आठवतंय? पांढरी जाळी, पेटली की लखलखणारी. तिच्यात थोरियमच असायचं. ते ज्या मोनाझाइट वाळूतून काढत, ती आपल्या त्रावणकोरच्या किनाऱ्यावरूनही जहाजं भरून परदेशी जायची.

फरक इतकाच की मेंटल अंगणात जळायचं आणि थोरोट्रास्ट माणसाच्या आत जायचं.

थोरियम किरणोत्सर्गी आहे. ते अल्फा कण सोडतं. अल्फा कण कागदसुद्धा ओलांडू शकत नाहीत, म्हणून बाहेरून निरुपद्रवी. पण तोच स्रोत पेशींना चिकटून बसला तर सगळा मारा शेजारच्या पेशींवर. आणि थोरोट्रास्ट चिकटून बसायचं. किडनीतून गाळून जायला हे कण मोठे, मग यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या साफसफाई करणाऱ्या पेशी ते गिळायच्या आणि तिथेच ठेवायच्या, मरेपर्यंत. थोरियमचं अर्धआयुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं आहे. म्हणजे एका फोटोसाठी दिलेलं इंजेक्शन माणूस जिवंत असेपर्यंत आतून मारा करत राहणार.

कुणालाच कळलं नाही का? कळलं होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या औषध परिषदेने १९३२ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला होता. पण टेबलावर पडलेला पेशंट हसत उठतोय, फोटो लख्ख येतोय आणि त्या काळात रेडियमचं पाणी टॉनिक म्हणून बाटलीत विकलं जातंय. इशारा ऐकणार कोण? मोनिझनेही ऐकला नाही. मला यात तो खलनायक वाटत नाही. पण सोडियम आयोडाइडच्या वेळी पेशंट तळमळला की लगेच दिसायचं आणि म्हणून सुधारणाही झाली. थोरोट्रास्टने त्रास दिलाच नाही, तेव्हा ते सुरक्षित ठरलं. तपासणी त्या दिवसापुरतीच होती.

यकृताच्या कर्करोगाला वीस-वीस, तीस-तीस वर्षं लागली.

तोपर्यंत मोनिझ दुसऱ्याच वादळात शिरला होता. १२ नोव्हेंबर १९३५ ला, पुन्हा सांता मार्तामध्ये आणि पुन्हा लिमाच्या हातांनी, त्याने मानसिक रुग्णाच्या मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडायची शस्त्रक्रिया सुरू केली, ल्युकोटॉमी. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमनने तिची लोबोटॉमी केली आणि हजारो माणसांची व्यक्तिमत्त्वं पुसली गेली. तो विषय इतका मोठा आहे की इथे दोन ओळींत उरकणं बरं नाही, म्हणून पुढे जातो.

१९३९ मध्ये एका पेशंटने दवाखान्यात येऊन मोनिझवर गोळ्या झाडल्या. हा पेशंट लोबोटॉमी झालेला होता असं बऱ्याच व्हायरल पोस्टमध्ये वाचायला मिळतं, ते खोटं आहे. तो वेगळ्या मानसिक आजारासाठी उपचार घेत होता. मोनिझ वाचला.

अँजिओग्राफीसाठी त्याचं नाव नोबेलकरता १९२८ मध्येच सुचवलं गेलं होतं, मिळालं नाही. मिळालं ते १९४९ मध्ये, ल्युकोटॉमीसाठी, वॉल्टर हेस या स्विस शास्त्रज्ञासोबत. ज्या कामाने आजही रोज जीव वाचतात त्याला पदक नाही, आणि ज्याला पदक मिळालं ते परत घ्या म्हणून पेशंटच्या नातेवाइकांनी पुढे मोहिमा चालवल्या.

याच नोबेलच्या दोन वर्षं आधी, १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी थोरोट्रास्ट दिलेल्या पेशंटच्या यकृतात झालेल्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली होती. मग एकामागून एक नोंदी येत गेल्या. पन्नाशीच्या दशकात औषध बंद पडलं. तोवर जगभरात लाखो लोकांना ते दिलं गेलं होतं. जर्मनी, डेन्मार्क, जपान या देशांनी अशा पेशंटच्या याद्या करून अनेक दशकं त्यांचा माग काढला. जपानच्या यादीत महायुद्धात जखमी झालेले सैनिक होते. फ्रॅक्चर आणि गोळीच्या जखमा तपासताना त्यांना सुई दिली होती, मरण आलं ते यकृतामुळे.

पोर्तुगालमध्ये हे काम लिस्बनच्याच पॅथॉलॉजिस्टने केलं, जुझे द सिल्व्हा ऑर्ता. ज्या शहरात ते फोटो निघाले, त्याच शहरात तो त्या पेशंटच्या मृत्यूचे दाखले गोळा करत होता. मोनिझ १३ डिसेंबर १९५५ ला, ८१ व्या वर्षी गेला. ऑर्ताचा मोठा अहवाल त्यानंतर आला. १९८९ मध्ये पोर्तुगालने १०,००० एस्कुदोच्या नोटेवर मोनिझचा चेहरा छापला.

मग सगळे आयोडीनकडे परत वळले, पण आयोडीनचं झोंबणं तसंच होतं. मोझेस स्विक नावाच्या तरुण अमेरिकन डॉक्टरने १९२९ मध्येच बर्लिनमध्ये दाखवलं होतं की आयोडीन नुसतं मीठ म्हणून देण्यापेक्षा मोठ्या कार्बनी रेणूत बांधून दिलं तर शरीर ते मुकाट्याने किडनीतून बाहेर टाकतं. पन्नाशीच्या दशकात एका रेणूत आयोडीनचे तीन अणू बसवता आले.

तरी जळजळ का? कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तसंच हे आहे. ही औषधं रक्तापेक्षा कितीतरी पट दाट. ती धमनीत गेली की आजूबाजूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतात.

याचं उत्तर स्वीडनच्या तोर्स्तेन आल्मेन या रेडिओलॉजिस्टला सुचलं. लहानपणी समुद्रात डोळे उघडून पोहताना त्याच्या लक्षात आलं होतं की बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात डोळे चुरचुरत नाहीत आणि दुसऱ्या किनाऱ्यावर चुरचुरतात. जुनं औषध हे मीठ होतं, पाण्यात पडलं की एकाचे दोन कण. आल्मेनने १९६० च्या दशकाच्या शेवटी मांडलं की मिठाऐवजी साखरेसारखा न तुटणारा रेणू बनवा. आयोडीन तेवढंच, कण निम्मे. त्यातून मेट्रिझामाइड आलं आणि ऐंशीच्या दशकात आयोहेक्सॉल. आज सीटीच्या वेळी बहुतेक ठिकाणी याच कुळातलं औषध वापरतात. गरम लाट राहिली, तळमळ गेली.

एमआरआयचं कॉन्ट्रास्ट वेगळं, त्यात गॅडोलिनियम हा धातू असतो. तो सुटा असेल तर विषारी, म्हणून त्याला दुसऱ्या रेणूच्या कुशीत बांधून देतात. १९८८ पासून तो बाजारात आहे आणि बरीच वर्षं सीटीच्या औषधापेक्षाही सौम्य मानला जायचा. २००६ मध्ये युरोपातून बातमी आली. किडनी निकामी झालेल्या काही पेशंटची कातडी आणि सांधे हे इंजेक्शन दिल्यानंतर दगडासारखे कडक होत होते. किडनी ते वेळेत बाहेर टाकू शकत नव्हती आणि तोवर काही औषधांची बांधणी आतच सुटत होती. ज्यांची बांधणी सैल होती, अशी बरीचशी औषधं युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये थांबवली. पिंजऱ्यासारख्या घट्ट बांधणीची चालू राहिली.